साळवे सिस्टरांच्या पाट्या

स्पिरिटचा वास आला की इतरांना दवाखाना आठवतो. मला कॉम्प्युटर आठवतो.

बारामतीच्या एसटी स्टँडपासून जवळच, एका कापड दुकानाच्या माडीवर तेव्हा संध्याकाळचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. चपला जिन्यात काढून आत जायचं. खिडक्यांना जाड पडदे, कोपऱ्यात उदबत्ती, आणि मखमली झाकणांखाली चार मशिनं. देवघरात बोलावं इतक्या हळू आवाजात सगळे बोलायचे. मी हायस्कुलात मराठी शिकवत होते. हळू बोलणं मला आधीपासूनच येत होतं, त्यामुळे ती जागा मला बरी वाटली.

दुसऱ्या दिवशी दारातूनच आवाज आला, "हितं शिकवत्यात का ते भिंतीवर दावायचं?"

पांढरी साडी, खांद्याला जडशी पिशवी, वय पन्नाशीला टेकलेलं. अंथुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या कडेला असलेल्या एका गावात त्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्स होत्या. राहायला अंथुर्ण्यात. नाव सुमन साळवे, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळी पंचक्रोशी 'सिस्टर' म्हणायची.

एका मशिनवर दोघांनी बसायचं असा क्लासचा नियम होता. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. सिस्टर बसल्या, पिशवीतून कापसाचा बोळा आणि स्पिरिटची बाटली काढली आणि आधी माउस, मग कीबोर्डची एकेक कळ पुसून काढली. आमचे प्रशांत सर, पंचविशीतला मुलगा, धावत आले.

"मॅडम, मशीनला काही होईल!"

"मशीनला काय हुतंय? मागच्याचा खोकला माझ्या बोटाला नको," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, काही न विचारता माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली. "बाई, पांढऱ्याफटक हायसा. रक्त न्हाय अंगात. शेंगदाणे-गूळ खाता का?"

आमची ओळख अशी झाली. त्यानंतर रोज त्यांच्या डब्यातून मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा माझ्या हातावर पडत असे. प्रशांत सरांचीही पापणी तपासून झाली होती. त्यांनाही खडा मिळायचा. क्लासमध्ये खायला बंदी होती. ती पाटी सरांनीच भिंतीवर लावली होती, आणि तिच्याखाली उभे राहून ते गूळ खायचे.

कामाची वाटणी पहिल्याच आठवड्यात ठरली. कीबोर्ड माझा, माउस त्यांचा. "तुमाला अक्षरं येत्यात, मला हात चालवायचा येतोय," असं त्या म्हणाल्या. माउस धरायची त्यांची रीत वेगळी होती. आम्ही बाकीचे तो पळून जाईल म्हणून घट्ट दाबून धरायचो. त्या तळहात नुसता वर ठेवायच्या, कुणाच्या पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल बघावी तसा, आणि मग नेमकं एक बोट टेकवायच्या.

स्लाइड हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. त्या 'पाटी' म्हणायच्या. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या बापानं चाळिसाव्या वर्षी विहारात बसून पाटीवर अक्षर गिरवलं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात काम, संध्याकाळी पाटी. ती काळी हुती, ही निळी हाय. बाकी फरक काय?"

सर एकेक नवी गंमत शिकवायचे आणि सिस्टर तिच्यावर तुटून पडायच्या. अक्षरं डावीकडून उडत येतात हे कळलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. "आली! आली बगा! बाई, बगा की, थव्यानं आली!" पलीकडच्या मशिनवरचे बँकेतले दोघं जण हसले. सिस्टरांनी त्यांनाही ओढून आणलं. एकेक अक्षर वेगळं आणायची सोय सापडली तेव्हा मी त्यांचं नाव टंकलं. त्या वेळच्या मराठी फॉन्टात अक्षर एकीकडे आणि त्याचा काना-मात्रा दुसरीकडे असा प्रकार होता. आधी 'स' आला, मग मागून उकार धावत आला. सिस्टर इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "ह्या उकाराची गाडी चुकली! माझ्यावानी!"

त्यांची गाडी खरंच रोज चुकायची. क्लास सुटला की आम्ही स्टँडपर्यंत बरोबर चालत जायचो. माझं घर स्टँडच्या मागेच, म्हणून त्यांची त्यानंतरची इंदापूर गाडी हलेपर्यंत मी थांबायचे. त्या खिडकीत बसायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि एक बोट उचलून हवेत टेकवायच्या. "पुढची पाटी," असं म्हणून. कधीकधी त्याच क्षणी गाडी सुरू व्हायची आणि त्यांचा चेहरा असा फुलायचा की जणू ड्रायव्हर कुणी नव्हताच.

आता त्यांना हे सगळं कशासाठी हवं होतं ते सांगायला हवं.

त्यांच्या गावात बाळंतपणाला खोली नव्हती. उपकेंद्र म्हणजे कुणाच्या तरी घराची पडवी. नळ नाही, आडोसा नाही. अडलेल्या बाईला टेम्पोत घालून बारामतीला न्यायचं, आणि गावात टेम्पो एकच. आदल्या पावसाळ्यात छाया नावाची सून अशीच निघाली होती. पहिलटकरीण. सिस्टर टेम्पोत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कालव्याच्या पुलापर्यंत ती बोलत होती.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीनं गावच्या एसटी स्टॉपजवळ गाळे बांधले. त्यातले दोन गाळे उपकेंद्राला द्या, एवढंच सिस्टरांचं मागणं होतं. गाळे दुकानांना द्यायचे असं पंचायतीच्या मनात होतं. सिस्टर चार वर्षं सांगत होत्या, आधी जागेसाठी आणि आता गाळ्यांसाठी. लोक ऐकून घेत होते आणि उठून जात होते. मग पुण्याला एका प्रशिक्षणात त्यांनी एका डॉक्टरला भिंतीवर अक्षरं पाडून बोलताना पाहिलं.

"बाई, तो डॉक्टर जे बोलला त्यात नवीन एक शब्द न्हवता. मी रोज तेच बोलते. पर सगळी माणसं पोथी ऐकल्यागत गप! तवा मला कळलं. तोंडानं सांगितलं का ती बाई बडबडती. भिंतीवर आलं का खरं हुतं."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की ग्रामसभा असते. त्या सभेत त्यांना पाट्या दाखवायच्या होत्या. गाळ्यांचा निर्णय त्याच सभेत व्हायचा होता. एकदा दुकानाचं शटर लागलं की खोली गेली.

मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मन लावून लिहिलं, 'गरोदर मातांच्या आरोग्यविषयक अडचणी व त्यांवरील उपाययोजना.' सिस्टरांनी ओठ हलवत ते दोनदा वाचलं.

"चांगलं हाय. पर हे कुणाच्या घरात बोलत्यात?"

"मग काय लिहू?"

"लिवा. वाट लांब. टेम्पो एक."

मी लिहिलं. त्या निळ्या पडद्यावर ते चार शब्द आले आणि मला माझ्या पदवीची जरा लाज वाटली. पण फार वेळ नाही, कारण तोवर सिस्टर चित्रं शोधायला लागल्या होत्या. मशिनमध्ये तयार चित्रांचा एक साठा होता. साहेब, ब्रीफकेस, विमानं, हात मिळवणारे साहेब. बाई, बाळ, नर्स यांतलं काहीच नाही. शोधता शोधता एक भलामोठा पांढरा पक्षी निघाला. त्याच्या चोचीत फडकं, फडक्यात बाळ.

सिस्टर घाबरल्याच. "सर! हा बगळा पोर पळवून चाललाय का काय?"

सर म्हणाले, "नाही मॅडम. तिकडच्या देशात लहान मुलांना असं सांगतात की बाळ हा पक्षी आणून देतो."

"कुणाच्या घरनं आणतो?"

सर डोकं खाजवायला लागले.

"मग तिकडच्या नर्सा दिवसभर करत्यात काय?"

मी म्हटलं, हा बगळा काढून टाकू या. सिस्टरांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. आपण बोलावलं न्हवतं, आपला आपण आलाय. आलेल्या पाव्हण्याला बस म्हणायचं." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. चुकून रंग बदलला, चुकून ओळ मोठी झाली, की तेच. त्यांच्या पाट्यांवर असे बरेच पाव्हणे बसले होते.

आणि मग टाळ्या. पाटी बदलताना आवाज लावता येतो हे सरांनी दाखवलं. काच फुटल्याचा, गाडीचा ब्रेक लागल्याचा, आणि टाळ्यांचा कडकडाट. सिस्टरांनी टाळ्या निवडल्या आणि 'सगळ्या पाट्यांना लावा' या चौकोनावर बोट टेकवलं.

"मॅडम, प्रत्येक स्लाइडला टाळ्या?" सर कळवळून म्हणाले. "बरं दिसत नाही ते."

"आमच्या गावात भाषणाला टाळ्या पडत न्हाईत, सर. तंबाखू मळत बसत्यात. मशीननं सुरुवात केली का लाजून तरी वाजवतील."

छायाची पाटी शेवटच्या संध्याकाळी झाली. तिच्यावर चित्र नको, असं सिस्टर म्हणाल्या. फक्त नाव, आणि खाली 'पुलापर्यंत'. अक्षरं एकेक करून यावीत. मी टंकलं. ती पाटी पडद्यावर चालवूनही पाहिली नाही.

सव्वीस तारखेला सरांच्या मामांच्या जीपमधून कॉम्प्युटर निघाला. मॉनिटर सिस्टरांच्या मांडीवर, बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला. वर गोधडी. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या ओरडायच्या, "मान सांभाळा, मान!" काटेवाडीपर्यंत सर हसत होते, पुढं तेही मॉनिटरच्या मानेला हात लावून बसले. पुलावरून जाताना सिस्टर बोलायच्या थांबल्या. पूल संपल्यावर पुन्हा सुरू झाल्या.

गावातल्या शाळेच्या दारात आरतीचं ताट घेऊन बायका उभ्या होत्या. नवा ट्रॅक्टर आला की जसं करतात तसंच. मॉनिटरला ओवाळलं, सरांच्या कपाळाला गंध लागलं. वर्गात टेबलावर सगळं जोडून मशीन सुरू केलं, पहिली पाटी लागली, आणि सरपंच नानासाहेब नारळ घेऊन पुढं आले.

"इथं नको!" सर किंचाळले. "बाहेर, बाहेर फोडा!"

"सर, नारळाबिगर कसं व्हायचं?" नानासाहेबांनी तेवढ्यात टेबलाखालच्या दगडावर नारळ फोडला आणि मोठ्या भक्तीनं त्यातलं पाणी मशीनवर शिंपडलं. मॉनिटर वाचला. माझा कीबोर्ड भिजला. कळा दाबल्या तर काहीच होईना. सिस्टरांनी कापसानं पुसून पाहिलं, मग तो बाजूला सारला. "ऱ्हाऊ द्या, बाई. माझा उंदीर जिता हाय."

खिडक्यांना गोधड्या टांगून अंधार केला होता. लहानशा मॉनिटरसमोर अख्खं गाव. मागच्यांना दिसेना, तेव्हा पुढं बसलेले एक वयस्क गृहस्थ पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचायला लागले. हे बापू, पंचायतीतले जुने सदस्य. धाकट्या मुलाच्या खतांच्या दुकानासाठी त्यांनीच पहिल्या गाळ्यावर नाव घातलं होतं. आणि ते छायाचे सासरे होते. वाचायला तेच का पुढं आले, मला ठाऊक नाही. बहुधा त्यांचा आवाज चांगला होता म्हणून.

सिस्टरांनी बोट टेकवलं. टाळ्यांचा कडकडाट. वर्गात आधी दचकून शांतता आणि मग हशा.

"वाट लांब. टेम्पो एक," बापूंनी वाचलं.

"टेम्पोपण बिघडलाय!" मागून कुणीतरी म्हणालं.

पुन्हा टाळ्या. बगळा आला. पोरं नाचायलाच लागली. "सिस्टर, बगळा पोर कुठं नेतोय ओ?"

"बारामतीला," सिस्टर म्हणाल्या. "टेम्पो मिळंना म्हणून ह्याला सांगितलंय."

त्या हशात गावही टाळ्या वाजवायला लागलं. सिस्टरांचा अंदाज खरा ठरला. पाटी बदलली की मशीन वाजवायचं, आणि मशीनबरोबर सगळं गाव. बायका, पोरं, नानासाहेबसुद्धा. त्यात खेळाचा आनंद होता. सिस्टरांचा चेहरा उजळला होता. चार वर्षं ज्या बाईचं कुणी ऐकलं नाही, तिच्या एका बोटावर गाव टाळ्या वाजवत होतं. माझेही हात वाजत होते. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आता कोणती पाटी येणार आहे.

सरांच्याही लक्षात आलं. "एस्केप!" ते कुजबुजले. "मॅडम, एस्केप दाबा!" मी भिजल्या कीबोर्डवरची, पाट्या थांबवायची ती कळ दाबली. नारळाचं पाणी बोटाला चिकटलं. सिस्टरांचं बोट टेकलं होतं.

कोऱ्या निळ्या पाटीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. गाव जोरात टाळ्या वाजवत होतं. मग 'छ' आला. मागून काना आला. 'य' आला. हात एकेक करून थांबत गेले. पुढच्यांचे आधी, मग मधल्यांचे. मागे दाराशी कुणीतरी अजून वाजवत होतं, त्याला शेजारच्यानं धरलं. शेवटचा काना आला. बापूंनी वाचलं नाही.

खालचा शब्दही आला. मागचे विचारत होते, "काय आलंय? काय लिवलंय?" कुणी सांगेना.

सिस्टर उभ्या होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. हात माउसवर तसाच. मला वाटलं, आता त्या माफी मागतील आणि सगळं संपेल.

त्या म्हणाल्या, "वाजवा की. का थांबलासा?"

त्यांनी माउसवरचा हात काढला.

"ही टाळी तिला न्हाय. ही आपल्याला हाय. मला धरून." मग त्या म्हणाल्या, "पुलापर्यंत माझ्याशी बोलत हुती ती. इचारत हुती, सिस्टर, अजून किती लांब हाय? मी म्हणले, आलंच. खोटं बोलले. ह्या शाळंपासनं स्टॉप किती लांब हाय, तुमीच सांगा. दोन गाळे मागते. बाकी मला काय दावायचं न्हाय."

आणि त्या खाली बसल्या.

मग बापू उठले. धोतराचा सोगा हातात, तोंड मॉनिटरकडेच.

"नानासाहेब," ते म्हणाले, "पहिल्या गाळ्यावरनं माझं नाव काढा."

"बापू, जरा दमानं घ्या—"

"काढा म्हणतो ना!" मग आवाज खाली आणून, "पोरगं टपरीत खत इकंल. काय मरत न्हाय."

सभा पुढं बरीच तापली. शेवटी दोन गाळे मिळाले नाहीत. एक मिळाला, कोपऱ्यातला, बापूंचा. नळ पंचायतीनं द्यायचा ठरला. सिस्टरांना वाईट वाटलं असेल म्हणून मी त्यांच्याजवळ गेले, तर त्या सरपंचांना विचारत होत्या, खिडकी कुठल्या बाजूला काढायची.

परतीच्या जीपमध्ये मॉनिटर पुन्हा त्यांच्या मांडीवर होता. मी विचारलं, "सिस्टर, ते टाळ्यांचं तुम्ही आधी ठरवलं होतं?"

"काय ठरवतीय, बाई! टाळी काढायची राहिली." त्यांनी दुपटं नीट केलं. "पर आली ती आली. आलेल्या पाव्हण्याला बस म्हणायचं."

उन्हाळ्यात त्या खोलीत पहिली मुलगी जन्मली. सिस्टर क्लासात पेढे घेऊन आल्या तेव्हा बँकेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीच्या घरच्यांनी तिचं नाव काय ठेवलं, ते मी विचारलं नाही. सिस्टर मात्र तिला 'पहिली पाटी' म्हणायच्या. पुढं दुसरी, तिसरी, आणि मग त्यांनी मोजणं सोडलं.

गेल्या महिन्यात सिस्टर गेल्या, विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाला गेले होते. गर्दी खूप होती. त्यांच्या नातीनं भिंतीवर फोटो दाखवले, मोठे, स्वच्छ, आवाज न करता एकामागून एक सरकणारे. बरं वाटलं. पण मला त्यांचं शेवटचं दिसणं विचाराल तर ते त्या भिंतीवरचं नाही.

ते त्याआधीच्या दिवाळीतलं आहे. मी भेटायला अंथुर्ण्याला गेले होते. गुडघे गेले होते, वॉकरशिवाय चालता येत नव्हतं. तरी आधी माझी पापणी ओढून पाहिली. "आता बरं हाय," म्हणाल्या, आणि शेंगदाणे दिलेच. निघताना नको नको म्हणत असतानाही त्या वॉकर टेकत रस्त्यापर्यंत आल्या. या वेळी गाडीत मी होते आणि खाली त्या. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडला, बोट उचललं आणि हवेत टेकवलं.

गाडी हलली नाही. कंडक्टर खाली कुणाशी तरी बोलत उभा होता.

सिस्टरांनी मान हलवली, जसं क्लासमध्ये मशीन अडलं की हलवायच्या. तोल सावरला. आणि पुन्हा, या वेळी दोनदा, भरभर, बोट टेकवलं.

कंडक्टरनं वर चढून घंटा दिली. त्या मोठ्यानं हसल्या. काचेतून ऐकू आलं नाही, पण तोंड हललेलं दिसलं: पुढची पाटी.